स्वतःबद्दलचा समज आणि पडद्यावरचा माणूस : लोकप्रिय चित्रपटांतील काही पुरुष व्यक्तिरेखा

कोणता नायक आवडतो, असे विचारले तर बहुतेकांना चटकन उत्तर देता येते. परंतु चित्रपटातला कोणता पुरुष वर्षानुवर्षे डोक्यातून जात नाही, असे विचारले की निराळीच नावे पुढे येतात. माझ्या यादीत ‘सामना’मधले हिंदुराव धोंडे-पाटील आहेत, ‘पिंजरा’तले गुरुजी आहेत आणि ‘गोलमाल’मधले भवानीशंकर आहेत. यांच्यापैकी एकालाही रूढ अर्थाने नायक म्हणता येणार नाही. एक सहकारसम्राट, एक शाळामास्तर आणि एक व्यापारी, अशा या तिघांमध्ये वरवर पाहता काहीही समान नाही. तरीही ते एकाच कारणाने लक्षात राहिले असावेत, असे मला वाटते. या प्रत्येकाची स्वतःबद्दल एक पक्की समजूत आहे. चित्रपट ती समजूत त्याच्यापुरती शाबूत ठेवतो, आणि प्रेक्षकाला मात्र तिच्यातली फट दाखवतो. संवाद, वेशभूषा, लकबी यांचा वाटा आहेच. पण ही फट नसेल तर लकबीची नक्कल तेवढी उरते आणि माणूस विसरला जातो.

सुरुवात हिंदुरावांपासून करतो, कारण मराठी चित्रपटाने सत्ताधारी माणसाचे इतके बारकाईने केलेले चित्रण त्यापूर्वी माझ्या पाहण्यात नाही. ‘सामना’ १९७५ सालचा. विजय तेंडुलकर यांचे लेखन, जब्बार पटेल यांचे दिग्दर्शन, आणि त्या वर्षी बर्लिनच्या महोत्सवातील स्पर्धेतही तो दाखवला गेला होता. ग्रामीण पुढारी म्हणजे मिशांना पीळ देणारा, बाईवर नजर ठेवणारा आणि दर दहा मिनिटांनी कुणाला तरी चाबकाने मारणारा, अशी पडद्यावरची प्रथा असताना हिंदुराव वेगळे उभे राहतात. त्यांनी गावाचे भले केले आहे, यावर त्यांचा मनापासून विश्वास आहे. साखर कारखाना आहे, लोकांच्या हाताला काम आहे, आणि हे सगळे आपण उभे केले म्हणून गाव आपले आहे, असा त्यांचा सरळ हिशेब आहे. निळू फुले यांनी या माणसाला आवाज चढवू दिलेला नाही. ज्याचा शब्द खालच्या पट्टीतही झेलला जातो त्याला ओरडण्याची गरज नसते, हे त्यांनी बरोबर ओळखले आहे.

अशा माणसाच्या आश्रयाला दारूच्या आहारी गेलेला, ध्येयवादाचे दिवस मागे टाकून आलेला एक मास्तर येतो. डॉ. श्रीराम लागूंनी केलेला हा मास्तर गावातून नाहीशा झालेल्या मारुती कांबळेचे काय झाले, असे विचारू लागतो. प्रश्न साधा आहे आणि तो विचारणारा माणूस कुणालाही सहज बाजूला सारता येईल इतका दुबळा आहे. मग हिंदुराव त्याला गावाबाहेर का काढत नाहीत? या एका गोष्टीत सगळी व्यक्तिरेखा सामावली आहे, असे माझे मत आहे. गावातील माणसांकडून मिळणारी मान्यता हिंदुरावांना पुरेनाशी झालेली आहे. ज्याला आपल्याकडून काहीही नको आहे अशा एका शहाण्या माणसाने आपले कर्तृत्व पाहावे आणि मान डोलवावी, ही त्यांची गरज आहे. ते मास्तराला सांभाळतात, त्याची दारू पुरवतात, त्याच्यापुढे मन मोकळे करतात आणि त्याच ओघात आपल्याविरुद्धचा साक्षीदार स्वतःच्या घरात वाढवत राहतात. ‘या टोपीखाली दडलंय काय’ हे गाणे हिंदुरावांना उद्देशून वाटते खरे. परंतु त्या टोपीखाली नुसता गुन्हा दडला असता तर चित्रपट इतका टिकला नसता. कुणीतरी आपल्याला चांगले म्हणावे, ही एक केविलवाणी इच्छाही तिथेच आहे.

लागूंचाच दुसरा मास्तर, म्हणजे व्ही. शांताराम यांच्या ‘पिंजरा’तले (१९७२) गुरुजी. यांच्या बाबतीत स्वतःबद्दलचा समज अक्षरशः दगडाचा होतो. तमाशाला गावातून हुसकावणारे गुरुजी त्याच तमाशातल्या चंद्रकलेच्या मोहात पडतात, आणि गावासमोर उभा केलेला आदर्श मोडू नये म्हणून एका मृत माणसाच्या आडोशाने आपण मेल्याचा देखावा निर्माण करतात. गाव त्यांचा पुतळा उभारते. पुतळा पूजला जातो आणि ज्याचा तो पुतळा आहे तो माणूस फडाबरोबर गावोगाव हिंडत राहतो. शेवटी गुरुजींचा खून केल्याच्या आरोपावरून खुद्द गुरुजींवरच खटला चालतो, आणि पुतळ्याला धक्का लागू नये म्हणून ते तोंड उघडत नाहीत. या कथेचे मूळ एका जर्मन कादंबरीत आहे. तिथे मास्तराची विटंबना आहे, पण हा पुतळा नाही. पुतळ्याची भर मला अस्सल आपल्याकडची वाटते. गुरुजींचे मौन हा त्याग मानायचा की अहंकाराचे शेवटचे टोक मानायचे, याचा निर्णय मला आजही करता आलेला नाही. चित्रपट त्याला त्याग म्हणतो. मला मात्र असे वाटते की, ज्या माणसाला स्वतःच्या जिवापेक्षा स्वतःची प्रतिमा अधिक मोलाची वाटते, त्याचा पिंजरा चंद्रकला भेटण्याच्या कितीतरी आधी तयार झालेला असतो.

आता हे सारे गंभीर प्रकरण हसतखेळत कसे मांडता येते, ते हृषीकेश मुखर्जी यांच्या ‘गोलमाल’मध्ये (१९७९) पाहावे. मिशा असलेला माणूस चारित्र्यवान असतो, हा भवानीशंकर यांचा सिद्धान्त सर्वांना ठाऊक आहे. परंतु उत्पल दत्त यांनी केलेली खरी गंमत मिशांमध्ये नाही. आपल्याला माणसांची उत्तम पारख आहे, या त्यांच्या विश्वासात आहे. मुलाखतीचा प्रसंग नीट पाहिला तर लक्षात येते की, भवानीशंकर प्रश्न विचारत असतात ते उमेदवाराला ओळखण्यासाठी नव्हे, तर आपले म्हणणे त्याच्या तोंडून ऐकण्यासाठी. नोकरीसाठी साधेपणाचे सोंग घेतलेला रामप्रसाद आखूड कुर्त्यात येतो, काटकसरीच्या गोष्टी सांगतो, आणि ‘ब्लॅक पर्ल’ म्हणजे पेलेविषयी विचारल्यावर फुटबॉलचे नावही न घेता खऱ्याखुऱ्या मोत्यांविषयी बोलू लागतो. त्या क्षणी भवानीशंकरांच्या चेहऱ्यावर जो आनंद पसरतो तो नोकर मिळाल्याचा नाही, आपला सिद्धान्त खरा ठरल्याचा आहे. अशा माणसाला फसवण्यासाठी फार हुशारी लागत नाही, कारण निम्मे काम तो स्वतःच करत असतो. अखेरच्या छायाचित्रात तो स्वतः मिशीविना दिसतो, ही शिक्षा त्याला शोभणारी आहे.

आपापल्या लक्षात राहिलेल्या व्यक्तिरेखांविषयी लिहावे, अशी विनंती आहे. शक्यतो नटाच्या कौतुकापेक्षा त्या माणसाविषयी लिहावे. तो काय काम करतो, कुणापुढे वाकतो आणि स्वतःला काय समजतो, हे वाचायला अधिक आवडेल.

प्रतिसाद :

आपल्या कसोटीला उतरणारी एक जोडी सुचवतो. ‘अशी ही बनवाबनवी’मधले (१९८८) धनंजय माने आणि त्यांचे घरमालक विश्वासराव सरपोतदार. धनंजय मानेंविषयी बोलताना आपण सारे संवादांतच अडकून पडतो, आणि ते स्वाभाविकही आहे. परंतु माणूस म्हणून पाहिले तर हा गृहस्थ चौघांतला कर्ता आहे, अशी त्याची स्वतःची पक्की समजूत आहे. धाकट्या भावाची आणि मित्रांची जबाबदारी आपल्यावर आहे, डोक्यावर छप्पर आपणच आणायचे आहे, तेव्हा निर्णयही आपणच घ्यायचे, असा त्याचा खाक्या आहे. प्रत्यक्षात त्याचा प्रत्येक निर्णय आधीच्या निर्णयाने निर्माण केलेला घोटाळा निस्तरण्यासाठी घेतलेला असतो. दोन पुरुषांना साड्या नेसवून बायका म्हणून भाड्याच्या घरात आणणे, हा जबाबदार मोठ्या भावाचा निर्णय म्हणून जो माणूस गंभीर चेहऱ्याने मांडतो, तो धनंजय माने. अशोक सराफ यांनी या भूमिकेत विनोद करण्याचा आव कुठेही आणलेला नाही. त्यांचा धनंजय सतत काळजीत असतो, आणि त्या काळजीला आपण हसतो.

सरपोतदारांचा प्रकार उलटा आहे. आपण व्यवहाराला पक्के आहोत, भाडेकरूंना पुरून उरू, असे त्यांना वाटते. मधुमेहावरचे औषध इस्राएलहून मागवून देतो, असे सांगून धनंजयने त्यांच्याकडून सत्तर रुपये घेतलेले असतात, आणि औषध आणणारा मित्रच वारला असे कळल्यावर त्या सत्तर रुपयांचेही तेच झाल्याचे त्यांना ऐकावे लागते. सुधीर जोशी यांचा तेव्हाचा चेहरा पाहावा. त्यांना पैसे गेल्याचे दुःख आहेच. परंतु एका मेलेल्या माणसाकडे पैसे कसे मागायचे, या मध्यमवर्गीय शिष्टाचाराने त्यांची जी कोंडी केली आहे, ती अधिक मोठी आहे. व्यवहारी असल्याचा आव आणणारा मुळातला भिडस्त माणूस पुण्यात तेव्हा वाड्यावाड्यात होता, आणि धनंजयला ते नेमके ठाऊक होते.

ही कथा मुळात हृषीकेश मुखर्जी यांच्या १९६६ सालच्या ‘बीवी और मकान’वर बेतलेली आहे. तेव्हा ‘गोलमाल’ आणि ‘बनवाबनवी’ ही एका अर्थाने एकाच घराण्यातली भावंडे म्हणता येतील. घर मिळवण्यासाठी किंवा नोकरी मिळवण्यासाठी सोंग घ्यावे लागते, हा दोन्हींचा पाया आहे.

प्रतिसाद :

लेख आवडला, तरीही सिद्धान्ताविषयी शंका आहे. स्वतःबद्दलचा समज आणि वास्तव यांत फट असेल तरच माणूस लक्षात राहतो, असे म्हणायचे असेल तर प्रभातच्या ‘संत तुकाराम’मधील (१९३६) तुकोबांचे काय करायचे? दामले आणि फत्तेलाल यांच्या या चित्रपटात विष्णुपंत पागनीस यांनी उभा केलेला माणूस आतबाहेर एकच आहे. त्याला स्वतःबद्दल काही समजच नाही. तो जे गातो तेच जगतो, आणि लोकांनी जे जगावे असे त्याला वाटते ते आधी स्वतः करून मोकळा होतो. फट शोधायला गेले तर हाताला काहीच लागत नाही. तरीही सुमारे नव्वद वर्षे हे तुकाराम मराठी माणसाच्या मनातून हललेले नाहीत; इतके की त्यांचे कल्पनाचित्र डोळ्यांसमोर आणताना अनेकांना पागनीसांचाच चेहरा दिसतो. एवढेच नव्हे, तर या चित्रपटासाठी शांताराम आठवले यांनी लिहिलेले ‘आधी बीज एकले’ हे पद खुद्द तुकोबांचाच अभंग आहे, असा अनेक जाणत्यांचाही समज झाला होता. आता हा समज प्रेक्षकांचा झाला, व्यक्तिरेखेचा नव्हे.

धागाकर्ता :

आपला आक्षेप मोलाचा आहे आणि तुकारामांमध्ये फट नाही, हे मला मान्य आहे. परंतु त्या चित्रपटात फट आहेच. फक्त ती तुकारामांच्या आत नसून त्यांच्या आणि जिजाईच्या मध्ये आहे. गौरी यांनी केलेली जिजाई वगळून तो चित्रपट मनातल्या मनात पाहून बघावा. मग उरतात ते एक सज्जन गृहस्थ, त्यांचे अभंग आणि काही चमत्कार. अशा संतपटांची आपल्याकडे वानवा नाही, आणि त्यांतले बहुतेक आज कुणाला आठवतही नाहीत. आजारी मुलासाठी हातात पायतण घेऊन पांडुरंगाला जाब विचारायला निघालेली जिजाई आहे, म्हणून तुकारामांच्या निःसंगपणाची किंमत कुणीतरी मोजत आहे, हे आपल्याला दिसते. तुकाराम वैकुंठाला निघाले तरी हिच्यासमोर चूल आणि पोरे आहेतच. ज्या पुरुषाला स्वतःच्या आत विरोध नाही, त्याच्या शेजारी दिग्दर्शकांनी तो उभा केला. त्यात सालोमालो आहे तो ढोंगी, पण तो मला फारसा महत्त्वाचा वाटत नाही; खलनायक कथेला लागतो, तुकारामांना समजून घ्यायला जिजाई लागते.

प्रतिसाद :

आतापर्यंतच्या चर्चेत एक गोष्ट गृहीत धरली जात आहे, ती अशी की प्रत्येक पुरुषाला स्वतःबद्दल काही समज बाळगण्याची मोकळीक असते. हिंदुरावांना ती आहे, कारण सत्ता आहे. भवानीशंकरांना आहे, कारण पैसा आहे. गुरुजींना आहे, कारण गाव त्यांना वाकून नमस्कार करते. धनंजय माने कडकाच असला तरी नोकरी आहे आणि शहरात त्याला कुणी जात विचारून दाराबाहेर उभे करत नाही. ज्याला ही मोकळीक नाही अशा माणसाची व्यक्तिरेखा मराठी चित्रपटात आली आहे, आणि तिच्याविषयी लिहिल्याशिवाय हा विषय पुढे जाऊ नये, असे वाटते.

‘फँड्री’ प्रदर्शित झाला २०१४ साली. त्याविषयी बोलताना आपण नेहमी जब्याविषयी बोलतो, आणि ते योग्यच आहे. नागराज मंजुळे यांनी कथा जब्याच्या डोळ्यांनी मांडली आहे. परंतु मला लक्षात राहिला तो त्याचा बाप, किशोर कदम यांनी केलेला कचरू माने. या माणसाला स्वतःबद्दल कसलाही भ्रम नाही. गाव आपल्याला कोणत्या कामासाठी हाक मारते, कोणत्या आवाजात मारते आणि त्या हाकेला ‘ओ’ दिल्याशिवाय मुलीचे लग्न कसे पार पडणार नाही, हे त्याला पुरते ठाऊक आहे. जब्याला नव्या कपड्यांची स्वप्ने पडतात, शालूने आपल्याकडे पाहावे असे वाटते, काळ्या चिमणीच्या राखेत जादू आहे असे वाटते. स्वतःविषयीचा समज या घरात असलाच तर त्या पोराकडे आहे, आणि तो मोडण्याचे काम बापाच्या वाट्याला येते. कचरू पोरावर हात उगारतो तेव्हा तो क्रूर वाटत नाही. जे सत्य पोराला पुढे गाव शिकवणारच आहे, ते आपणच आधी शिकवलेले बरे, असा त्यामागचा विचार असावा. आता यात प्रेम किती आणि हतबलता किती, हे वेगळे काढता येत नाही.

डुकरे पकडण्याचा तो दीर्घ प्रसंग पुन्हा पाहावा. सारे कुटुंब उघड्यावर धावते आहे, शाळेतली पोरे आणि गावातली टगी मंडळी कडेला बसून मजा पाहत आहेत, कुणी शेरे मारत आहे. डुक्कर हाताशी आलेले असताना शाळेतून राष्ट्रगीत सुरू होते आणि जब्या जागच्या जागी उभा राहतो. मग घरचे सगळेच उभे राहतात. कचरूही उभा राहतो. डुक्कर शांतपणे निघून जाते. चित्रपटगृहात या प्रसंगाला हशा येतो, आणि दिग्दर्शकाला तो अपेक्षितही असणार. परंतु त्या अर्ध्या मिनिटात कचरूच्या शरीराकडे लक्ष दिले तर दिसते ते असे की, या माणसाला उभे राहण्याची आज्ञा पाळण्याची सवय आहे; कुणी दिली आणि का दिली, हा प्रश्न त्याने फार पूर्वीच सोडून दिलेला आहे. राष्ट्रगीत संपल्यावर तो पुन्हा धावू लागतो, कारण सुपारी घेतलेली आहे. पुढे मेलेले डुक्कर काठीला बांधून नेताना मागच्या भिंतीवर बाबासाहेब आहेत, सावित्रीबाई आहेत. त्या चित्रांकडे पाहायला कचरूला सवड नाही.

तेव्हा फट हवीच, असे नाही. डोळे उघडे असणारा आणि तरीही काहीच करू न शकणारा माणूसही तितकाच खोल रुतून बसतो. हिंदुरावांची आठवण आली की मला त्यांच्यातला माणूस कुतूहलाचा वाटतो. कचरूची आठवण आली की तसे कुतूहल वाटत नाही, अपराधी वाटते.

प्रतिसाद :

वरील प्रतिसादाला काही जोडण्याचे धाडस करत नाही. थोडा हलका विषय घेतो.

‘शोले’मधल्या (१९७५) पुरुषांवर गेली पाच दशके इतके लिहिले गेले आहे की, आता गब्बरविषयी नवे काही लिहिणे शक्य नाही. परंतु मूळ लेखातील सूत्र धरले तर त्या चित्रपटातली सर्वांत चपखल व्यक्तिरेखा असरानी यांचा जेलर ठरते. जेमतेम काही मिनिटांची भूमिका. ‘हम अंग्रेज़ों के ज़माने के जेलर हैं’ या एका वाक्यात त्या माणसाची सगळी स्वप्रतिमा येते. इंग्रज जाऊन पाव शतक उलटले आहे, तुरुंगातले कैदीसुद्धा त्याला भीत नाहीत, आणि हा मात्र आपल्या दराऱ्याच्या गुंगीत आहे. आपल्याकडच्या कचेऱ्यांमधून आणि शाळांमधून असे जेलर आजही निवृत्त होत आहेत.

त्याच चित्रपटातला जय हा याच्या अगदी उलट. तो स्वतःविषयी अवाक्षर काढत नाही. मावशीकडे वीरूची सोयरीक घेऊन जातो तेव्हा मित्राचे गुण म्हणून त्याचे जुगार, दारू असे सगळे अवगुण तो ज्या शांतपणे ओळीने मांडतो, त्यावरून हा माणूस किती पाण्यात आहे ते कळते. निर्णयाची वेळ आली की तो नाणे उडवतो. आपण निर्णय घेत नाही, नशीब घेते, असे तो सर्वांना भासवतो. नाण्याच्या दोन्ही बाजू सारख्या आहेत, हे वीरूला कळते ते जय गेल्यावर. म्हणजे प्रत्येक वेळी निर्णय त्याचाच होता, आणि तो घेतल्याचे श्रेय किंवा दोष त्याला नको होता. राधा संध्याकाळी दिवे मालवत असते तेव्हा समोर बसून तो माऊथ ऑर्गन वाजवतो, आणि तिथेही बोलत नाही. इथे समज आणि वास्तव यांत फट आहे, पण ती त्याने स्वतः, इतरांसाठी, जाणूनबुजून ठेवलेली आहे.

प्रतिसाद :

आणखी एक प्रकार राहिला. स्वतःला आहे त्यापेक्षा कमी समजणारा माणूस. बासू चटर्जी यांच्या ‘छोटी सी बात’मधला (१९७६) अरुण. अमोल पालेकर यांनी रंगवलेला हा मुंबईचा कारकुनी तरुण बसच्या रांगेत प्रभाच्या मागे उभा राहतो आणि दिवसच्या दिवस एक वाक्य बोलू शकत नाही. त्याच्या शेजारी असरानींचाच नागेश आहे, ज्याच्याकडे स्कूटर आहे, टेबल टेनिसचे कौशल्य आहे आणि स्वतःबद्दल अमर्याद चांगले मत आहे. प्रभाला अरुण मुळातच आवडत असतो. हे तिला ठाऊक आहे, प्रेक्षकाला ठाऊक आहे, नाही ते फक्त अरुणला. तेव्हा त्याने खंडाळ्याला जाऊन आत्मविश्वासाचे धडे देणाऱ्या कर्नलसाहेबांकडून घेतलेले सगळे शिक्षण अनावश्यकच ठरते, आणि माझ्या मते तो भाग चित्रपटात थोडा लांबलाही आहे. शिकून परत आलेला चलाख अरुण मला कधीच तितकासा आवडला नाही. रांगेत चुळबुळ करणारा आवडला होता.

धागाकर्ता :

कचरूविषयी लिहिणाऱ्या प्रतिसादाने माझ्या मांडणीला तिची हद्द दाखवली. समज बाळगायलाही काहीएक पत लागते, हे खरेच आहे. ज्यांच्याजवळ ती आहे त्यांच्यापुरतेच माझे म्हणणे मर्यादित ठेवतो, आणि त्याच ओघात सत्तेजवळच्या दोन पुरुषांविषयी लिहितो, जे मूळ लेखात लांबीच्या भीतीने गाळले होते.

पहिला ‘सिंहासन’मधला (१९७९) दिगू टिपणीस. हा चित्रपट अरुण साधूंच्या ‘मुंबई दिनांक’ आणि ‘सिंहासन’ या दोन कादंबऱ्यांवर आधारलेला आहे, आणि पटकथा पुन्हा तेंडुलकरांचीच. हिंदुराव साकारल्यावर चार वर्षांनी निळू फुले यांनी खांद्यातून वाकलेला, रया गेलेल्या कपड्यांतला हा पत्रकार केला. कोणत्याही मंत्र्याच्या बंगल्यावर त्याला मज्जाव नाही. अरुण सरनाईकांचे मुख्यमंत्री असोत की लागूंचे विश्वासराव दाभाडे असोत, सगळे त्याच्याशी बोलतात. आणि दिगूची समजूत अशी की आपण फक्त पाहणारे आहोत. पाहणारा माणूस नामानिराळा राहतो, असा पत्रकारितेतला जुना समज आहे. पण दिगूला सगळे कळत असते आणि त्या कळण्याने कुणाचे काहीही बदलत नाही. खुर्च्यांची फिरवाफिरव तेवढी होते. शेवटी तो वेड्यासारखा हसत सुटतो. त्या हसण्याचा अर्थ लावण्याच्या फंदात मी पडत नाही. एवढेच नोंदवतो की, हिंदुरावांच्या वाट्याला निदान एक मास्तर तरी आला होता. दिगूला प्रश्न विचारणारे कुणीच नव्हते.

दुसरा ‘देऊळ’मधला (२०११) भाऊ. नाना पाटेकर यांनी केलेला हा तालुक्याचा पुढारी हिंदुरावांच्या पुढच्या पिढीतला म्हणायला हवा. मधल्या साडेतीन दशकांत काय घडले ते पाहायचे असेल तर या दोघांना शेजारी उभे करावे. हिंदुराव गावाला दिशा देत होते आणि त्याची किंमत गावाकडून वसूल करत होते. भाऊलाही वाटते की मंगरूळची सूत्रे आपल्या हातात आहेत. दिलीप प्रभावळकरांच्या अण्णांबरोबर तो रुग्णालयाच्या योजनेवर बोलतो, आणि त्या वेळी तो खोटे बोलत नसतो; रुग्णालय व्हावे असे त्याला खरोखर वाटते. मग केशाला दत्ताचा दृष्टान्त होतो, गावातली पोरे उठतात, बातमी पसरते, आणि देऊळ पाहिजे अशी हवा तयार होते. भाऊ एका टप्प्यावर त्या हवेच्या मागे जातो, आणि लगेच पुढे येऊन आपणच नेतृत्व करत असल्यासारखा उभा राहतो. तो उडी मारताना दिसतच नाही, इतक्या सफाईने हे होते. हिंदुरावांनी गुन्हा केला होता आणि तो त्यांना लपवावा लागला. भाऊला लपवण्यासारखे काही करावेच लागत नाही, कारण सगळे जण त्याच्याबरोबर आहेत.

प्रतिसाद :

भाऊविषयीचे निरीक्षण पटले; परंतु त्याला हिंदुरावांचा वारस म्हणणे मला थोडे अन्यायाचे वाटते. हिंदुरावांनी माणूस मारला आहे. भाऊने फक्त एक चांगले काम होऊ दिले नाही. शिवाय त्या चित्रपटात ज्याला खरोखर दोष द्यावा असे मला वाटते, ते अण्णा आहेत. सुशिक्षित, सज्जन, अभ्यासू. गावाला काय हवे ते सर्वांत आधी ज्यांना कळले, ते अण्णा. देवळाची हवा सुरू झाल्यावर ते दोन शब्द बोलतात, ऐकले जात नाहीत म्हटल्यावर खिन्न होतात, आणि सामान बांधून गाव सोडतात. प्रेक्षकाला त्यांच्याविषयी आदर वाटतो. त्यांनाही स्वतःविषयी तो वाटत असावा. मास्तर दारुडा होता, लाचार होता, हिंदुरावांचे अन्न खात होता. तरी तो तिथेच राहिला आणि तोच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारत राहिला. अण्णांनी आपली स्वच्छता सांभाळली. त्यांच्यापेक्षा केशा अधिक धाडसी निघाला. त्याच्याच दृष्टान्तातून उभ्या राहिलेल्या देवळातली मूर्ती त्याने उचलून नेली आणि नदीत सोडली. त्याने काही बिघडले नाही, दुसरी मूर्ती बसवली गेली; पण करडी गायीच्या मागे हिंडणाऱ्या त्या अडाणी पोराने निदान हात तरी घातला.

धागाकर्ता :

अण्णांविषयीचा हा दृष्टिकोन मला नवा आहे, आणि तो पटतो. मूळ यादीत त्यांचे नाव आता मी भाऊच्या वर लिहीन. मात्र एक गोष्ट त्यांच्या बाजूने मांडावीशी वाटते. मास्तराला गमावण्यासारखे काही उरलेले नव्हते, म्हणून तो प्रश्न विचारू शकला. अण्णांचे सगळे आयुष्य गावाने दिलेल्या मानावर उभे होते, आणि तो मान एका आठवड्यात दुसरीकडे वळला. अशा वेळी तिथेच राहून रोज दुर्लक्षित होण्याची ताकद सज्जन माणसात फार क्वचित असते. ‘पिंजरा’तल्या गुरुजींमध्येही ती नव्हती. त्यांनी मेल्याचे सोंग केले आणि अण्णांनी सामानाची गाडी बोलावली, एवढाच मला त्या दोघांमधला फरक दिसतो.